अप्पांच्या उशाशी टांगलेला तंबोरा

सज्जनहो, माझा स्वर घोगरा आणि फुटका वाटला तर रागावू नका. मी तंबोरा आहे, आणि माझा भोपळा फुटलेला आहे. धारवाडच्या एका लहानशा खोलीत, घडी घातलेल्या गोधडीवर आडवा पडून मी आपल्याशी बोलतो आहे. जन्मभर मी दुसऱ्याच्या गाण्यामागे उभा राहिलो. स्वतःची कथा सांगण्याची सवय मला नाही. परंतु ज्यांनी मला वागवले, त्यांची वाचा अखेरच्या काळात गेली होती. त्यांचे जे सांगायचे राहिले, ते मला ठाऊक आहे. ते सांगितल्याखेरीज मला विसावा नाही.

माझा जन्म भीमेकाठचा. नदीलगतच्या एका मळ्यात कडू भोपळ्याचा वेल होता, त्याचे मी फळ. कडू म्हणून मला कोणी चिरले नाही, भाजीला नेले नाही. वेलावरच वाळलो, आतला गर झडून गेला, बिया खुळखुळू लागल्या आणि एके दिवशी मिरजेच्या कारागिराने टिचकी मारून मला निवडले. त्याने माझे तोंड कापले, आतून खरवडले, तुनीच्या लाकडाची दांडी जोडली, कापलेल्या तोंडावर लाकडी तबली बसवली, तारा टेकायला हाडाची घोडी घासली आणि चार तारा ओढल्या. पहिल्यांदा तारेवर बोट पडले तेव्हा माझ्याच पोकळीतून एवढा नाद उठला की मी भ्यालो. अप्पा पुढे पुष्कळदा म्हणत, "आतलं कडू खरवडून काढल्याखेरीज नादाला राहायला जागा होत नाही. भोपळ्याला जे कारागीर करतो, ते माणसाला देव करतो. माणूस ओरडतो, एवढाच फरक."

हे अप्पा म्हणजे गोपाळराव. मला घ्यायला आले तेव्हा ते धारवाडच्या एका शाळेत नवे मास्तर होते. मिरजेहून येताना रेल्वेच्या डब्यात त्यांनी मला मांडीवर उभे धरले होते. समोरच्या बाकावरच्या गृहस्थाचा पाय माझ्या गवसणीला लागला. त्याने नमस्कार केला, तरी अप्पांनी मला उचलून घेतले आणि धारवाड येईपर्यंत ते उभ्यानेच आले. वाद्याला पाय लागू द्यायचा नाही, ही त्या घराची पहिली शिकवण. सज्जनहो, ही शिकवण ध्यानात असू द्या. पुढे जे झाले, ते तिच्यातूनच झाले.

धारवाडच्या मळमड्डी भागात अप्पांचे भाड्याचे घर होते. तेथे माझी जागा त्यांनी महिनाभर विचार करून ठरवली. पावसाची झड बसते ती बाहेरची भिंत नको, चुलीच्या धुराकडची नको, खिडकीतून ऊन येते ती नको. मधल्या खोलीच्या आतल्या भिंतीत, घर बांधतानाच दगडांमध्ये दाबून बसवलेली सागवानी खुंटी होती. तिला त्यांनी मऊ फडके गुंडाळले, माझ्या मानेभोवती सुती दोरी घातली आणि मला टांगले. तेही इतके खाली की माझ्या भोपळ्यात आणि जमिनीत चार बोटांचे अंतर राहावे. त्या चार बोटांतही घडी घातलेली गोधडी.

त्यांच्या पत्नी हसत. "माणसांना पांघरायला गोधडी नाही आणि भोपळ्याला गादी!"

"माणूस पडला तर उठतो की," अप्पा म्हणत. "हा उठत नाही."

पहाटे स्नान करून अप्पा मला खाली घेत, कान देऊन तारा लावत आणि देवापुढे बसून गात. संतांचे शब्द त्यांच्या मुखात असे येत, जणू आज सकाळीच कोणी नदीवरून भरून आणले आहेत. पहाटेचे असो वा रात्रीचे, गाणे संपले की पुन्हा टांगण्याआधी ते चारही खुंट्या थोड्या थोड्या मागे फिरवत. तारा सैल होत, माझी मान मोकळी होई. शेजारी बसलेल्या लहानग्या उत्तरेला ते सांगत, "टांगलेल्या जिवाला ताण नको, बाळ. पुष्कळ बोलला. आता निजू दे त्याला."

निजू दे त्याला. हे शब्द मी उभ्या आयुष्यात इतक्या वेळा ऐकले की ते नसतील तर मला रात्र झाल्यासारखी वाटत नसे.

वर्षे गेली. पत्नी गेल्या. उत्तरा धारवाडातच शिक्षिका झाली, लग्न न करता वडिलांजवळ राहिली. धाकटा संजीव हुबळीला गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात मशीनखात्याचा मुख्य झाला. मग एका एकादशीच्या सकाळी अप्पांनी मला लावले. असे लावले की बाहेरून दुधाचे भांडे घेऊन येणारी उत्तरा दारातच थांबली. दोन्ही जोडीच्या तारा एकच होऊन गेल्या होत्या. अप्पांनी डोळे मिटले, पहिली ओळ उचलली, आणि दुसऱ्या ओळीच्या आधी त्यांचा उजवा हात माझ्या तारांवरून घसरून मांडीवर पडला. तोंड एका बाजूला ओढले गेले. ओळीचा पुढचा शब्द आलाच नाही. तो पुढे कधीच आला नाही.

इस्पितळ झाले, औषधे झाली. अप्पांचा प्राण राहिला, बुद्धी राहिली, डावा हात राहिला. उजवी बाजू आणि वाचा गेली.

त्या दिवशी माझ्या तारा कोणी उतरवल्या नाहीत. चौथ्या दिवशी संजीवने मला उचलून भिंतीच्या खुंटीला लावले आणि तारा उतरवायला माझ्या खुंट्यांकडे हात नेला, तेव्हा उत्तरेने त्याचे मनगट धरले.

"हात लावू नकोस. अप्पांच्या हातचा शेवटचा षड्ज आहे तो. लागलाय तसा राहू दे."

"अक्का, अप्पा स्वतः रोज उतरवायचे की."

"पुन्हा लावता येत होतं म्हणून उतरवायचे. आता कोण लावणार? तू?"

त्या दिवसापासून मी ताणलेला राहिलो. दिवसा ताणलेला, रात्री ताणलेला. उत्तरा येता-जाता एक तार छेडी, डोळे पुसी आणि म्हणे, "आहे, अजून आहे." तिच्या भक्तीला मी काय बोलावे? देवाच्या मूर्तीला कोणी प्रेमाने इतकी घट्ट मिठी मारावी की मूर्तीचा हातच निखळावा, तसे ते प्रेम होते.

पुढच्या वर्षी घरमालकाने मळमड्डीचे घर पाडून नवे बांधायला काढले. अप्पांना रोजच्या उपचारांसाठी हुबळीच सोयीची, म्हणून संजीवने त्यांना तिथल्या उणकल भागात आपल्या नव्या फ्लॅटवर नेले. तिसरा मजला, खिडकीतून तलावाचा एक तुकडा दिसे. उत्तरेने शाळेजवळ एक खोली घेतली. दर एकादशीला ती धारवाड-हुबळीच्या चिगरी बसने उणकलला येई.

माझी जागा ठरवण्याची वेळ आली, तेव्हा त्या खोलीत जी सभा भरली ती मी गवसणीतून ऐकली.

"कपाटावर आडवा ठेवू या की," संजीवची बायको दीपश्री म्हणाली. "मऊ चादर घालते खाली."

"सुटकेशींच्या शेजारी?" उत्तरा म्हणाली. "अप्पांचा तंबोरा सुटकेशींच्या शेजारी निजणार?"

"बरं, सुटकेशींना बाहेर काढते. त्या बिचाऱ्या तरी कुठं गातात."

"भिंतीला टांगू," संजीव म्हणाला. "माझ्याकडं हुक आहे. आमच्या खात्यात केलेला. इंजिन टांगलं तरी वाकणार नाही."

"इंजिन आलं की सांगते हं," दीपश्री म्हणाली आणि संजीवही हसला. ते त्या खोलीतले शेवटचे मोकळे हसणे असावे.

भिंत कोणती, हा प्रश्न होता. खिडकीच्या भिंतीवर ऊन, ती गेली. डाव्या भिंतीपलीकडे न्हाणीघर. ओल असो वा नसो, न्हाणीघराच्या भिंतीला देवापुढचे वाद्य कसे लावायचे? तीही गेली. राहिल्या दोन. एक अप्पांच्या पायथ्याची, आरशाच्या कपाटाशेजारची. संजीवने तिच्यावर बोटांनी ठोकले. ठक्, ठक्. आत सिमेंटचा खांब होता. दुसरी उशाकडची. तिच्यावर ठोकले तर ढब् असा आवाज आला. मी स्वतः पोकळ आहे, सज्जनहो. पोकळाला पोकळ लगेच ओळखू येतो. त्या भिंतीच्या विटा आतून रिकाम्या होत्या.

"ही बरी," संजीव पायथ्याच्या भिंतीवर थाप मारून म्हणाला. "इथं ड्रिल मारलं तर पक्कं बसेल."

"पायांसमोर?" उत्तरेचा स्वर चढला. "अप्पांचे पाय दिवसभर तंबोऱ्याकडं करून ठेवायचे? रेल्वेत परक्याचा पाय लागला तर जो माणूस मिरजेपासून उभ्यानं आला, त्याचे?"

संजीवने भिंतीवरचा हात काढून घेतला. पलंग फिरवला असता तर अप्पांचे डोके दक्षिणेकडून हलले असते, तेही चालणार नव्हते. म्हणून उशाकडची भिंत ठरली. पाय लागू नयेत म्हणून मला त्यांच्या डोक्यावर टांगायचे ठरले.

संजीवने ड्रिल लावले. भोक धरेना, भुगा होऊन मोठे होत गेले. हुक पकडायला त्याने प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली, ती आत फिरू लागली. मग काड्यापेटीच्या काड्या कोंबल्या, पांढरे सिमेंट थापले. "सुकलं की दगड होईल," तो म्हणाला. लोखंडात त्याचा हात बसलेला होता. भिंतीशी त्याचा परिचय नव्हता. हुक खरोखर इंजिन तोलणारा होता. तो जिच्यात बसला होता, ती भिंत मात्र विभूतीसारखी भुसभुशीत होती. कोणाच्या डोक्याला लागू नये म्हणून त्याने मला चांगले उंच टांगले. खाली गोधडी नव्हती. खाली अप्पांची उशी होती.

अप्पा हे सारे पाहत होते. डावा हात उचलून त्यांनी पायथ्याच्या भिंतीकडे बोट केले.

"हो हो, तिकडं देवाची तसबीर लावते," दीपश्री म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिने पायथ्याच्या त्या भक्कम भिंतीवर विठ्ठलाची हातभर तसबीर लावली. एका बारीक खिळ्यावर ती आजही जराशी हललेली नाही.

आता मी उशाशी आणि अप्पा माझ्याखाली. मला पाहायला त्यांना मान तेवढी मागे वळवता येत नसे. परंतु समोर कपाटाचा आरसा होता आणि त्यांचे डोळे दिवसभर त्या आरशात असत. दीपश्री शेजारणीला कौतुकाने सांगे, "बघा ना जयलक्ष्मी अक्का, आरशातून तंबोऱ्यालाच बघत असतात." मलाही प्रथम तसेच वाटले. मग एके दिवशी आरशात आमची नजर जुळते का म्हणून मी पाहिले, तर त्यांची दृष्टी माझ्यावर नव्हती. माझ्या मानेच्याही वर, हुकावर होती. हुकाभोवतीच्या पांढऱ्या सिमेंटला केसाएवढी चीर गेली होती.

ती चीर त्या घरात दोघांनाच ठाऊक होती: ज्याला जीभ नाही असा मी, आणि ज्यांची जीभ गेली असे अप्पा.

त्यांनी हात वर केला. बोट डोक्यामागे, वर. घशातून आवाज काढला.

"तंबोरा ऐकायचाय वाटतं," म्हणून दीपश्री धावत आली. तिने भोपळा एका हाताने आपल्याकडे ओढून धरला आणि दुसऱ्याने तारा छेडल्या. मी वाजलो. हुक गवताच्या काडीएवढा पुढे आला. अप्पांच्या कपाळावर पांढरी भुकटी पडली. ते जोराने मान हलवू लागले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"बघा, भाव दाटला," दीपश्री हात जोडून म्हणाली. तिचा काही दोष नाही. ती मनापासून त्यांची सेवा करत होती. घास भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे, कशातही तिने कधी नाक मुरडले नाही. भुकटी तिने पदराने पुसली. "नवीन घराचा चुना झडायलाय," ती म्हणाली.

जयलक्ष्मी अक्का वरचेवर येत. कन्नड घरातल्या, भाविक बाई. अप्पांनी पुन्हा बोट वर केले तसे त्यांनी गालांना हात लावले. "अवरिगे देवरु काणाकत्यार री!"

"त्यांना देव दिसायलाय म्हणतात अक्का," दीपश्रीने संध्याकाळी संजीवला सांगितले.

संजीव पलंगापाशी आला. "अप्पा, देव दिसायलाय?"

अप्पांनी मान आडवी हलवली. मग पुन्हा बोट वर. संजीव बोटाच्या दिशेने पाहू लागला. अगदी हुकाच्या रोखाने पाहत होता. मला वाटले, आता याला दिसेल. क्षणभर आशेने माझ्या तारा थरथरल्या असतील. पण त्याने मला पाहिले, गहिवरला, आणि हात जोडून म्हणाला, "उद्यापासून रोज वाजवतो अप्पा. सकाळ-संध्याकाळ."

अशी माझी शिक्षा दुप्पट झाली आणि त्यांचीही.

संसारी घरात आजाऱ्याने छताकडे बोट दाखवले असते तर कोणी म्हणाले असते, पाल आहे का, पंखा गरगरतो का, बघा जरा. भक्ताच्या घरात बोट वर गेले की सारे देवाकडेच जाते. जन्मभर अप्पांनी बोट वर केले ते देवासाठीच. आता शेवटी एकदा त्यांना भिंतीविषयी काही सांगायचे होते, ते कोणाला कळत नव्हते.

श्रावण आला. ओल्या हवेने माझी मान फुगली, मग उघडीप पडली तशी आखडली. तारांच्या अखंड ताणाने ती पुढे वाकली. जो षड्ज उत्तरा प्राणापलीकडे जपत होती, तो कधीच गेला होता. जोडीच्या दोन तारांमध्ये आता तसूभर भांडण होते. अप्पांच्या डोक्यावर सकाळ-संध्याकाळ बेसूर तंबोरा वाजे आणि ते डोळे घट्ट मिटून घेत. लोकांना वाटे, समाधी लागली.

"उतरलाय का गं सूर?" एका एकादशीला संजीवने भीत भीत विचारले.

"नाही," उत्तरा म्हणाली. फार पटकन म्हणाली. "तोच आहे." तिच्यासारख्या कानाच्या बाईला ते ऐकू आले नसेल, हे शक्य नाही. ऐकू आले होते म्हणूनच ती खुंटीला हात लावत नव्हती. हात लावला असता तर मान्य करावे लागले असते.

तो दिवस भाद्रपदातल्या एकादशीचा. दुपारची वेळ. दीपश्री स्वयंपाकघरात वरीचे तांदूळ शिजवत होती, संजीव रजा घेऊन घरी होता, जयलक्ष्मी अक्का केळी घेऊन आल्या होत्या. उत्तरा बसमधून उतरून पाय धुऊन आली आणि नित्याप्रमाणे उशाशी, अगदी माझ्याखाली उभी राहिली. एका हाताने तिने माझा भोपळा सावरला, दुसऱ्याने तारा छेडल्या आणि गाऊ लागली.

अप्पा आरशात पाहत होते. मीही. हुकाभोवतीचे सिमेंट बशीच्या टवक्यासारखे सुटले.

अप्पांनी डावा हात टाकला आणि उत्तरेचा पदर धरून ओढला. ती वाकून हसली. "काय अप्पा? बसू का?" त्यांनी मान हलवली. घशातून असा आवाज आला की स्वयंपाकघरातून दीपश्री धावली.

"हा अभंग नको का? दुसरा म्हणू?"

मग अप्पांनी पदर सोडला, आणि शरीरात उरलेली सगळी शक्ती त्या एका हातात आणून पोटच्या लेकीला छातीवर ढकलले. उत्तरा दोन पावले मागे खिडकीशी जाऊन आदळली.

"अप्पा!" ती दुखावून म्हणाली. "असं काय करायलाय?"

तिचा हात माझ्या भोपळ्यावरून सुटला आणि मी निसटलो.

आधी माझा भोपळा पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आदळला आणि तेथून मी पुढे कलंडलो. सज्जनहो, त्या क्षणी अप्पांना मान वळवता आली असती. निदान हाताने तोंड झाकता आले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी पंजा उघडला आणि मला झेलायला हात वर केला. वाद्य पडू द्यायचे नसते. मेंदूचे अर्धे घर विझले होते, तरी ही एक शिकवण तेथे जळत होती. माझ्या भाराखाली त्यांचे मनगट कठड्याशी चिरडले. तारा सैल असत्या तर मी कदाचित तडकलो असतो, इतकेच. पण दीड-दोन वर्षांचा ताण माझ्यात कोंडलेला होता. तबली एका कडेने उखडली, भोपळा फुटला, आणि त्या ताणासकट एक मोठा नाद खोलीभर झाला. तो माझा शेवटचा. त्यात कोणताही स्वर नव्हता.

अप्पांचा डावा हात, जो एकच हात त्यांना उरला होता, तो मोडला.

संध्याकाळी इस्पितळातून संजीव कपडे न्यायला घरी आला. बरोबर उत्तरा होती. मी कोपऱ्यात, फुटलेल्या तुकड्यांसह गोळा करून ठेवलेला. संजीवने भिंतीतले भोक पाहिले. त्यात बोट घातले. बोट सगळे आत गेले. मग काय मनात आले कोण जाणे, तो वडिलांच्या पलंगावर आडवा झाला. अप्पांच्या उशीवर त्याने डोके ठेवले, जसे ते ठेवत तसे, आणि समोर पाहिले.

मग तो कडेला सरकला.

"अक्का," तो म्हणाला, "इकडं ये. इथं निजून बघ."

"काय आहे?"

"नीज तर."

उत्तरा निजली. आरशाची खालची कड अशी येत होती की उशीवरून माझा भोपळा दिसत नसे, तारा दिसत नसत. दिसे ती भिंत, आणि आता भिंतीतले ते काळे भोक. दुपारपर्यंत तेथे चिरेत बसलेला हुक असे. दुसरे काहीच दिसत नसे.

"वर्षभर," संजीव म्हणाला. "वर्षभर सांगायलेत ते. मी हात जोडत होतो."

उत्तरेने उशी तोंडावर ओढून घेतली.

अप्पा घरी आले ते दोन्ही हात निकामी होऊन. आता त्यांना बोटही दाखवता येत नव्हते. पलंग पायथ्याच्या भिंतीकडे वळवला. दक्षिण-उत्तर कोणी पाहिले नाही. उत्तरेने शाळेतून रजा घेतली. एका सकाळी तिने मला, फुटक्याला, मांडीवर घेतले आणि अप्पांना दिसेल असे ती बसली. तीन तारा शिल्लक होत्या, अजून ताणलेल्या. तिने पहिल्या खुंटीला हात घातला. खुंटी करकरली आणि तार सैल झाली. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक तारेबरोबर एक बारीक, खाली उतरत जाणारा आवाज निघत गेला आणि संपला.

"अप्पा," ती म्हणाली, "निजू दे त्याला."

अप्पांनी तिच्याकडे पाहिले. क्षमेचे काही चिन्ह मला दिसले, असे सांगायला मला आवडले असते. पण देवापुढे उभा राहिलेल्याने खोटे बोलू नये. ते थकले होते. त्यांनी डोळे मिटले, एवढेच मी पाहिले.

हाताचे प्लास्टर निघण्यापूर्वी, छातीत कफ भरून, ते गेले. मुखात तुळशीपत्र होते. नाम घेता आले की नाही, ते त्यांचे त्यांना आणि विठ्ठलाला ठाऊक.

आता मी उत्तरेच्या खोलीत आहे. तुटकी चौथी तार कोणी बदलली नाही. मिरजेला नेऊन नवा भोपळा बसवता येईल, असे कोणी म्हणाले. तिने ऐकून घेतले. देवाचे भंगलेले वाद्य नदीत सोडावे, असेही कोणी म्हणाले. तेही ऐकून घेतले. ती मला टांगत नाही. उणकलच्या घरातले ते भोक संजीवने बुजवलेले नाही, असे मी ऐकतो. दीपश्री आता तिथे हात जोडत नाही. फक्त एकदा हात लावून पाहते, भुगा अजून झडतो का ते.

सज्जनहो, वाद्य भिंतीला लावायचे तर जरूर लावा. आधी भिंत ठोकून तिचा आवाज ऐका. कोणाच्या अंथरुणावर लावू नका, मग ती जागा कितीही पवित्र असो. टांगण्यापूर्वी तारा उतरवा. ज्याने लावल्या तो पुन्हा लावायला असो वा नसो. आणि तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेला, वाचा गेलेला जीव असेल आणि तो वारंवार एकाच दिशेला बोट दाखवत असेल, तर हात जोडण्याची घाई करू नका. त्याला जरा बाजूला सरकवा, त्याच्या उशीवर आपले डोके ठेवा, आणि त्याला काय दिसते ते एकदा पाहा.

बाहेर शाळेची घंटा झाली. उत्तरा येईल, माझ्यावरची गवसणी सारखी करील आणि दिवा लावील. गाणार नाही. मी ऐकण्यापुरता जागा आहे.

राम कृष्ण हरी.